तलंगांचीं पिसें कां गळतात?

शास्त्रभाग: नीतिसूत्रें २७:२३-२७, मत्तय २३:३७

शलमोनाच्या नीतिसूत्रांत घरधन्याला असा उपदेश केला आहे कीं, त्यानें आपल्या कळपाची स्थिति नीट जाणून घ्यावी. कारण सांठविलेलें धन सर्वकाळ टिकत नाहीं, परंतु चांगला राखलेला कळप घरच्यांना वस्त्रही पुरवितो आणि अन्नही. आमच्या गोदातीरच्या मंडळ्यांत शेरडामेंढरांचे कळप असलेलीं घरें थोडीं. बहुतेकांस जमीन थोडी, कित्येकांस मुळींच नाहीं; कोणी ऊसतोडीवर जातात, कोणी राहात्याकडील पेरूच्या बागांत रोजानें राबतात. तथापि दारापुढें चार-दोन कोंबड्या नाहींत असें घर क्वचितच सांपडेल. शास्त्रांतील कळप तो आपल्यापुरता हाच, असें समजून आजचा पाठ आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुणतांब्याहून व त्याच्या आसपासच्या वस्त्यांवरून एकच प्रश्न आमच्याकडे पुन्हां पुन्हां आला आहे. तो असा कीं, तलंग चांगली वाढली, नुकतीच अंड्यावर आली, आणि इतक्यांत तिचीं पिसें जाऊन अंग उघडें पडलें. तर हा रोग कोणता, व त्यास औषध कोणतें? म्हातारी कोंबडी उघडी पडली तर कोणी इतका विचार करीत नाहीं. परंतु पांच-सहा महिने दाणापाणी घालून वाढविलेली तलंग, जिच्यापासून आतां कोठें प्राप्तीस आरंभ व्हावयाचा, तीच अशी विद्रूप झाली म्हणजे घरच्या बाईच्या काळजाला चटका बसतो, आणि तो कां बसतो हें आमच्या उपदेशकांनीं समजून घेतलें पाहिजे. मजुरीचा पैसा बहुधा घरच्या पुरुषाच्या हातांतून खर्च होतो. अंड्यांचा पैसा बाईच्या हातीं राहतो. मुलीची वही, तापाची गोळी, एस. टी. चें भाडें आणि रविवारचें दान हीं पुष्कळ घरांत त्याच पैशांतून निघतात. विधवेच्या घरीं तर दुसरा पैसाच नसतो.

ह्या प्रश्नानें मंडळीच्या ऐक्यासही कसा धोका येतो, तें एका उदाहरणानें सांगतों. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेंत पंचवीस तलंगा व तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याची रीत आहे. पुणतांब्याजवळच्या एका वस्तींत आमच्या एका भगिनीस असा गट मिळाला. एके दुपारीं शेजारीण येऊन कोंबड्यांची पुष्कळ वाखाणणी करून गेली, आणि पुढल्या पंधरवड्यांत कोंबड्यांचीं पिसें जाऊं लागलीं. दृष्ट लागली असें कोणीतरी बोललें. दृष्टीच्या मागोमाग करणीचें नांव निघावयास वेळ लागत नाहीं. खुराड्याच्या दारावर लिंबू व बिबा टांगला गेला. दोन्ही घरें मंडळींतलीं! परंतु एक घर उपासनेस आलें तर दुसरें येईना, आणि प्रभुभोजनाच्या दिवशीं दोन्ही घरच्या बाया मेजापासून दूर राहिल्या. तेथील उपदेशकानें क्षमेविषयीं बोध केला, तो दोघींनीं मान खालीं घालून ऐकला, आणि अबोला होता तसाच राहिला.

मग त्या उपदेशकानें एक शहाणपणाची गोष्ट केली. एके रात्रीं नऊच्या सुमारास तो विजेरी घेऊन गेला, दोघी बायांना हांक मारून बरोबर घेतलें, खुराड्यांतून एक कोंबडी काढून उलटी धरिली, आणि शेपटीखालचीं पिसें बोटांनीं बाजूला सारून वर उजेड पाडला. पिवळसर उवांची धांदल उडालेली तिघांनींही पाहिली, आणि पिसांच्या बुडाशीं साखरेच्या दाण्यांसारखे लिखांचे पांढरे झुबके चिकटलेलेही पाहिले. नंतर तो त्या दोघींसह शेजारणीच्या खुराड्याकडे गेला. तेथेंही तोच प्रकार! "पाळकसाहेब, करणी माझी म्हणावी तर मग माझ्या कोंबड्यांवर कोणाची?" असें ती शेजारीण मागाहून आम्हांला हंसत हंसत म्हणाली. दुसऱ्या दिवशीं लिंबू दारावर नव्हतें.

हें सांगण्याचा हेतु असा कीं, पिसें गेल्याचें कारण बहुधा कोंबडीच्या अंगावरच लिहिलेलें असतें, आणि तें वाचतां येतें. औषध विचारण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: अंगाचा कोणता भाग उघडा पडला आहे, उघड्या जागीं नवें पीस फुटत आहे कीं नाहीं, जुनें पीस मुळासकट गळलें आहे कीं मध्येंच मोडलें आहे, आणि कोंबडी अंडीं देत आहे कीं थांबली आहे. एवढें पाहिल्यावांचून जो औषध सांगतो त्याचें औषध घेऊं नये, मग तो कितीही मोठा जाणता असो.

प्रथम पाठ उघडी पडण्याचा विचार करूं. कारण योजनेच्या गटांत हाच प्रकार फार दिसतो. तलंगेच्या पाठीवरचीं, पंखांच्या वरच्या सांध्यापाशींचीं, आणि डोक्याच्या मागचीं पिसें गेलीं असून पोट, छाती व शेपटीखालची जागा झांकलेली असेल, तर तो रोग नव्हे. नर चढतांना पायांच्या नख्या पाठीवर रोंवतो व चोचीनें डोक्यामागचीं पिसें पकडतो; त्यानें हीं पिसें मोडतात. दहा कोंबड्यांस एक नर पुरे होतो. पंचवीस तलंगांत तीन नर हें प्रमाण ठीक आहे. परंतु पुढें काय होतें? पांच-सहा तलंगा मानमोडींत दगावतात, चार मुंगूस व कुत्रीं नेतात, चार अडचणीच्या वेळीं विकल्या जातात. नर मात्र तिघेही डौलानें फिरत राहतात, कारण नर पाव्हण्यासाठीं राखून ठेवावयाचा! मग दहा-बारा तलंगांवर तीन नर, आणि त्यांतही दोन-तीन तलंगा त्यांच्या विशेष आवडीच्या. अशा ठिकाणीं औषधाचा उपाय नाहीं. पाव्हणा येवो वा न येवो, दोन नर विकावे किंवा वेगळे डांबावे, आणि राहिलेल्याच्या नख्यांचीं टोकें घासून बोथट करावीं. जखम झाली असेल तर ती तलंग वेगळ्या डाल्याखालीं ठेवून जखमेवर हळद व तेल लावावें. पीस मुळासकट उपटलें गेलें असेल तर नवें पीस कांहीं आठवड्यांत येतें; परंतु मोडलेल्या पिसाचें खुंट कातडींत तसेंच राहिलें असेल तर तें गळून नवें येण्यास पुढल्या गळतीपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून उपाय केल्यावरही पाठ लवकर झांकली नाहीं तर उपाय फुकट गेला असें समजूं नये.

शेपटीखालची व पोटाची जागा उघडी, कातडी लाल व खरखरीत, पिसें मळकट: अशी खूण असेल तर उवांची झडती घ्यावी. उवा दिवसाही अंगावर असतात. त्यांहून बारीक, डोळ्यांना धुळीच्या कणाएवढे दिसणारे तांबडे-काळे किडे दुसऱ्या प्रकारचे. त्यांपैकीं कांहीं जाती अंगावरच राहतात व त्यांच्या विष्ठेनें पिसें काळवंडतात, आणि कांहीं जाती दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्रीं रक्त पितात. आणखी एक जात पिसाच्या बुडाशीं कातडींत शिरते. तिच्यामुळें कोंबडी स्वतःचीं पिसें चोचीनें उपटते, व उघड्या जागेवर कोंडा दिसतो. दिवसा कोंबडी पाहून "कांहीं नाहीं" म्हणणाऱ्यानें रात्रीं पाहावें, तें एवढ्याचसाठीं.

गोचिडांविषयीं वेगळें सांगणें अवश्य आहे. आमच्या जिल्ह्यांतील मातीच्या व विटांच्या जुन्या खुराड्यांत कोंबडीची गोचीड फार. ती चपटी, तपकिरी असून दिवसा भिंतीच्या भेगांत व दांडीच्या खांचांत बसते, रात्रीं येऊन रक्त पिते व पहांटेपूर्वीं परत जाते. ती अन्नावांचून महिनेच्या महिने, प्रसंगीं वर्षाहूनही अधिक जगते; म्हणून खुराडें दोन-तीन महिने रिकामें ठेविलें म्हणजे ती मेली असें नाहीं. तिच्यामुळें पिसें फारशीं गळत नाहींत, परंतु तुरा फिकट पडतो, अंडीं कमी होतात, आणि तिच्या चाव्यांतून कोंबड्यांस एक प्रकारचा मारक तापही जडतो. संध्याकाळीं कोंबड्या खुराड्यांत शिरावयास नाखूष असतील, झाडावर किंवा छपरावर चढून बसत असतील, तर त्यांना हट्टी म्हणूं नये. आंत काय आहे तें त्यांना ठाऊक आहे.

ह्या सर्व किड्यांवर कोंबडीचें स्वतःचें औषध म्हणजे धूळ. कोंबडी कोरड्या मातींत लोळते, पंखांनीं माती अंगावर उडविते, आणि त्या बारीक धुळीनें उवा मरतात व झडतात. पूर्वीं प्रत्येक घरामागें राखेचा ढीग असे. आतां घरकुल झालें, अंगणांत फरशी आली, गॅसची शेगडी आली. हीं सर्व देवाच्या कृपेनें मिळालेलीं सुखें आहेत, परंतु कोंबडीची न्हाणी मात्र गेली. पावसाळ्यांत तर सर्वत्र चिखल, आणि त्याच दिवसांत उवा वाढतात. म्हणून वळचणीखालीं, जेथें पाऊस लागत नाहीं अशा जागीं, दीड-दोन हात लांबरुंद व वीतभर खोल खळगा करून त्यांत कोरडी चाळलेली माती व लांकडाची राख भरावी. मिळाल्यास मूठभर गंधकाची पूड मिसळावी. खर्च कांहीं नाहीं, आणि आमच्या मतें निम्म्या तक्रारी एवढ्यानेंच मिटतील.

उवा फार झाल्या असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यांतून कोंबड्यांसाठींच दिलेलें औषध, सांगितलेल्या प्रमाणांतच वापरावें, आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां वापरावें. कारण पहिल्या वेळीं लिखा मरत नाहींत, व त्यांतून नव्या उवा निघतात. एकदां औषध करून गुण आला नाहीं असें म्हणणारे बहुतेक जण ही दुसरी वेळ विसरलेले असतात. औषध केल्यावर किती दिवस अंडीं खाऊं नयेत, हेंही त्याच वेळीं विचारावें. खुराड्याच्या भेगा मातीचुन्यानें किंवा सिमेंटानें बुजवाव्या, दांड्या काढून उन्हांत तापवाव्या, उकळतें पाणी ओतावें व चुना द्यावा. गोचिडांच्या बाबतींत कोंबडीपेक्षां भिंतीलाच औषध अधिक लागतें.

येथें एक कडक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. पिकावर मारावयाचें औषध कोंबडीच्या अंगावर कदापि घालूं नये. उसाच्या हुमणीसाठीं आणलेली भुकटी किंवा दाणेदार विष "थोडेंसें" खुराड्यांत टाकिलें, आणि सकाळीं सगळ्या कोंबड्या मेलेल्या, असे प्रकार घडतात. फोरेट नांवाच्या दाणेदार विषाची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० पासून भारतांत बंद आहे. पण जुनी पुडी कोणाच्या गोठ्याच्या आढ्यावर अजून असूं शकते. कोंबडी मेली तर तेवढ्यावरच भागलें असें समजावें. ती जगली आणि तिचें अंडें लेंकरानें खाल्लें तर काय? ज्या घरीं अशी पुडी असेल तेथें उपदेशकांनीं ह्याविषयीं स्पष्ट बोलावें.

आतां ज्या कारणाकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी जातें, परंतु जें आम्हांला सर्वांत मोठें वाटतें, त्याकडे वळतों. तें म्हणजे अन्न.

पीस हें जवळजवळ सर्व प्रथिनांचेंच बनलेलें असतें. दहा भागांपैकीं सुमारें नऊ भाग प्रथिनें. अंड्यांतही सुमारें सहा ग्रॅम प्रथिनें असतात. अर्थात् पीस व अंडें हीं दोन्हीं एकाच कोठारांतून निघतात. आमची जुनी गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीं देते, मध्येंच खुडूक होते, विसावा घेते. तिचें कोठार रिकामें होत नाहीं. परंतु आतां खेड्यांत आलेल्या जाती वेगळ्या आहेत. गिरिराज ही बंगळुरूची, वनराजा व ग्रामप्रिया ह्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या. त्या परसांत वाढण्यासाठींच तयार केलेल्या आहेत, आणि ग्रामप्रियेसारखी जात वर्षाला दीडशेंहून अधिक अंडीं देते. हा मोठा लाभ आहे. पण दीडशें अंड्यांची प्रथिनें कोठून तरी आलीं पाहिजेत. बाजरी, ज्वारी, मका ह्यांत शंभरांत नऊ ते अकरा भाग प्रथिनें असतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यांत तीं सोळा ते अठरा भाग लागतात. गावरान कोंबडी ही तूट उकिरडा उकरून, किडे-आळ्या वेंचून भरून काढी. आतां फरशीच्या अंगणांत, किंवा शेजाऱ्याच्या भाजीची नासाडी होऊं नये म्हणून डांबून ठेविलेली तलंग नुसत्या दाण्यावर अंडीं देत राहते. पिसांना देण्यास मग तिच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. जुनें झडलें कीं नवें येत नाहीं, आलें तर ठिसूळ येतें. आणि भुकेली कोंबडी काय करते? शेजारणीचीं पिसें उपटून खाते. लोक ह्यास खोड म्हणतात. आमच्या मतें ती बहुधा मागणी असते.

पिसें उपटणाऱ्या कोंबड्यांची खूण अशी कीं, शेपटीच्या वर व पाठीच्या मागल्या भागीं पिसें अर्धवट तुटलेलीं असतात, आणि एक-दोन कोंबड्या मात्र पूर्ण पिसांच्या, तुकतुकीत असतात, उपटणाऱ्या त्याच. एकदां रक्त दिसलें कीं सर्वच तुटून पडतात, म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. दाटी हेंही ह्याचें कारण आहे: दहा कोंबड्यांना रात्रींसाठीं निदान चार फूट रुंद व पांच फूट लांब खुराडें पाहिजे. दिवसा डांबणें भागच असेल तर लसूणघासाची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी. ती ओढण्यांत त्यांचा वेळ जातो व पोटांतही चांगलें जातें.

खाद्याविषयीं म्हणाल तर विकतचें अंड्यावरील कोंबड्यांचें खाद्य सर्वांत सोपें. परंतु त्याची ऐपत नसेल तर घरीं असें करावें. भरडलेला मका किंवा बाजरी चार भाग, गव्हाचा कोंडा एक भाग, शेंगदाण्याची पेंड एक भाग, आणि मिळेल तेव्हां सुकटीची भरड अर्धा भाग. एक किलोस चहाचा अर्धा चमचा मीठ. त्याहून अधिक नको, मिठानें कोंबडी मरते, आणि सुकट खारी असेल तर मीठ मुळींच घालूं नये. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या खापरींत ठेवावा, ज्या कोंबडीस लागेल ती घेईल. पेंड बुरसटलेली नसावी. बुरशीचें विष कोंबडीला फार लवकर बाधतें. गाईची सरकी पेंड कोंबड्यांना घालूं नये, तिनें बलक हिरवट-काळपट होतो व गिऱ्हाईक अंडें परत आणतें. वाळवी ही तर फुकटची मेजवानी आहे: मडक्यांत ओलसर काडीकचरा व शेण भरून संध्याकाळीं वाळवीच्या जागीं उपडें घालावें, सकाळीं उचलून कोंबड्यांपुढें झाडावें. डांबलेल्या कोंबड्यांना सर्व खाद्य मिळून दिवसाला प्रत्येकी शंभर-सव्वाशें ग्रॅम लागतें. मोकळ्या फिरणाऱ्यांना ह्याच्या निम्म्यानेंही भागतें.

पाण्याची गोष्ट लहान दिसते, पण तिनेंच पुष्कळ नुकसान होतें. चैत्र-वैशाखांत एक-दोन दिवस जरी पाणी तुटलें, तरी कोंबडीचीं अंडीं बंद होतात आणि मागोमाग पिसें झडतात. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें कोंबड्या घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वाधीन करून जातात. दाणा टाकावयाची आठवण त्यांना राहते. तापलेलें पाणी दुपारीं बदलावयाचें मात्र राहून जातें. अशा घरीं शेजारच्या मंडळीबंधूनें दुपारीं एक तांब्या पाणी ओतून यावें.

ह्याखेरीज निव्वळ स्वाभाविक पिसेंगळती आहे. पिल्लाची लव जाऊन पिसें येतात, आणि तलंग अंड्यावर येईपर्यंत तीं पुन्हां एक-दोनदां बदलतात. त्या वेळची थोडी विरळ मान पाहून घाबरूं नये. मोठी गळती बहुधा सव्वा-दीड वर्षाच्या वयास, दिवस लहान होऊं लागले म्हणजे, भाद्रपद ते कार्तिक ह्या सुमारास होते. तिची खूण सोपी आहे: आरंभ डोक्यामानेपासून, मग छाती व पाठ, मग पंख, व शेवटीं शेपटी, दोन्ही बाजूंस सारखी, आणि उघड्या जागीं निळसर कांट्यांसारखे नवे कोंब दिसतात. ह्या काळांत अंडीं बंद होतात. परंतु सहा-आठ महिन्यांच्या तलंगेची अशी सर्वांगाची गळती झाली, तर तिला कांहीं धक्का बसला आहे असें समजावें: पाणी तुटलें, खाद्य एकाएकीं बदललें, फार ऊन लागलें, किंवा एस. टी. च्या टपावरून लांबचा प्रवास घडला.

छातीचीं व पोटाचींच पिसें गेलीं असून कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यांत फुगून बसत असेल, हात लावतां कुरकुरत असेल, तर ती खुडूक आहे. आणि हें उघडेंपण तिनें स्वतः पत्करिलें आहे. पिसें ऊब अडवितात. म्हणून अंड्यांना अंगाची ऊब मिळावी ह्यासाठीं ती छाती उघडी करते, व एकवीस दिवस तशीच बसते. प्रभु येशूनें यरुशलेमेसाठीं शोक करितांना पंखांखालीं पिल्लें गोळा करणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लाविली. तो खेड्यांत वाढला होता. त्या पंखांखालीं हात घालून पाहिलेल्या आमच्या भगिनींना ती उपमा शहरच्या उपदेशकांपेक्षां अधिक समजते, असें आमचें मत आहे, आणि हा शास्त्रभाग वाचतांना त्यांना बोलावयास सांगावें.

मान जन्मतःच उघडी असलेली एक जातही आमच्या भागांत आढळते. ती रोगी नव्हे. उलट उन्हाळा तिला इतरांपेक्षां चांगला सोसतो. मात्र पिसें फुगवून डोळे मिटून बसणारी, हिरवट पातळ हगणारी, मान वांकडी करणारी, किंवा धापा टाकणारी कोंबडी पिसांच्या पाठांत मोडत नाहीं. ती मानमोडी असूं शकते. तीस ताबडतोब वेगळी करून पशुवैद्यास कळवावें, व पुष्कळ एकदम मेल्या तर मेलेल्या कोंबड्या नदींत टाकूं नयेत आणि विकूं नयेत.

मिशनांनीं गरीब ख्रिस्ती कुटुंबांच्या कोंबड्यांकडे लक्ष द्यावें ही कांहीं नवी गोष्ट नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उत्तरेकडील एटा येथें अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे स्लेटरसाहेब ह्यांनीं सुधारलेल्या जातींचे पक्षी खेड्यांतील लोकांपर्यंत पोंचविले, आणि दक्षिणेस त्रावणकोरांतील मार्तंडम येथें वाय. एम. सी. ए. च्या ग्रामकेंद्रांत डॉक्टर स्पेन्सर हॅच ह्यांनीं अंडीं एकत्र करून विकण्याची सहकारी व्यवस्था बसविली. आपणांस तर राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ व तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळच आहेत. दवाखान्यांत जातांना कोंबडी डाल्यांत घालून न्यावी, आणि बरोबर पांच-सहा गळलेलीं पिसें कागदांत गुंडाळून न्यावीं. पिसाचें बूड पाहून डॉक्टरांस पुष्कळ कळतें.

व्यापारी दिवाळीच्या सुमारास वस्त्यांवरून फिरतो, आणि उघड्या कोंबड्या पाहून "आतां ह्या संपल्या" असें सांगून निम्म्या दरानें घेऊन जातो. त्याला ठाऊक असतें कीं, गळलेली कोंबडी दोन-तीन महिन्यांत नव्या पिसांसह पुन्हां अंड्यावर येते, आणि पूर्वींपेक्षां मोठें अंडें देते. बायांना हें सांगून ठेवावें. नवे कोंब फुटत असतांना खाद्यांत पेंड व सुकट थोडी वाढवावी, अंडीं बंद आहेत म्हणून कमी करूं नये.

कापणीच्या सणास अशी पिसें गळलेली कोंबडी अर्पण म्हणून आणावी कीं नाहीं, असें एका उपदेशकानें विचारलें आहे. लेवीयांत व्यंग असलेल्या पशूंविषयीं जें सांगितलें आहे त्याची त्यांना शंका आली. पिसें गळणें हें व्यंग नव्हे. परंतु नव्या कोंबांत रक्त असतें, व ते दाबले गेले म्हणजे कोंबडीला फार दुखतें. लिलावांत ती दहा हातांतून फिरावयाची. तेव्हां ज्या भगिनीनें तिचा नवस केला असेल, तिनें सणाच्या दिवशीं कोंबडीचें नांव मंडळीच्या वहींत लिहवावें, आणि कोंबडी नाताळास आणून द्यावी.